सांधणीचा दिवस कोणाच्या खात्यात?

हातमागाच्या प्रश्नावर सभा झाली की एक सल्ला हमखास मिळतो. मोहाडीत मी तो ऐकला, आंधळगावात ऐकला, आणि दर दोन-तीन वर्षांनी नवा पाहुणा येऊन तोच देऊन जातो. विणकरांनी नमुने कमी करावेत. एक काठ, एक रंग, एक पन्हा ठरवावा आणि वर्षभर तोच काढावा. सारखा माग बदलण्यात दिवस जातात, म्हणून साडी महाग पडते, म्हणून गिऱ्हाईक पॉवरलूमकडे वळते. शेवटी जोड दिली जाते की कारखान्यांत असेच करतात.

मी मोहाडीच्या कोष्टी घरात वाढलो आणि पोटासाठी बावीस वर्षे नागपूरकडच्या कारखान्यांत उत्पादन नियोजनाच्या टेबलावर बसलो. कोणत्या मशीनवर कोणते काम, आणि कशानंतर काय लावायचे, हे ठरवणे एवढेच माझे काम होते. त्यामुळे या सल्ल्याची दोन्ही टोके माझ्या हातून गेली आहेत. तो मागावरही चुकीचा आहे आणि कारखान्यातही कोणी शहाणा माणूस तसे करत नाही.

सल्ल्यातला खरा भाग आधी मान्य करतो. माग बदलण्याचा खर्च खरा आहे, आणि बाहेरच्या माणसाला वाटतो त्याहून मोठा आहे. ताणा संपत आला की विणकर तो शेवटच्या इंचापर्यंत विणत नाही. मागाच्या वही आणि फणीतून गेलेली धाग्यांची शेपटी तशीच ठेवतो आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला पिळून जोडतो. बोटांना राख लावलेली असते, म्हणजे पीळ घसरत नाही. ही सांधणी. इंचाला साठ धागे आणि ४८ इंच पन्हा धरला तर धागे झाले २,८८०. एका धाग्याला पाच सेकंद धरले तर चार तास, तेही हात एकदाही थांबला नाही तर. आमच्या घरी हे काम माय करायची. कोशाचा धागा एकसारखा नसतो, कुठे जाड, कुठे केसासारखा. ती तो दाराच्या उजेडाकडे धरायची, कच्चा वाटला तर तेवढा तोडून पुन्हा पिळायची. सकाळी बसली की दुपारी चुलीसाठी उठायची आणि परत येऊन बसायची. दिवस मावळताना तिची तर्जनी आणि अंगठा राखेने काळा झालेला असे आणि त्या दिवशी मागावर एक बोटभरही कापड निघालेले नसे.

हे झाले फणी तीच असताना. नव्या कामाला फणी वेगळी लागली तर सांधणीने भागत नाही. प्रत्येक धागा आधी वहीच्या डोळ्यातून आणि मग फणीच्या घरातून ओवावा लागतो. त्याला दोन माणसे लागतात, एक मागून धागा पुढे करणारे आणि एक समोरून ओढून घेणारे. दोन-तीन दिवस जातात. एक घर चुकले तर पुढची सगळी घरे चुकतात, आणि ते हातभर कापड विणून झाल्यावर दिसते. उलट बाण्याचा रंग बदलायचा असेल तर धोट्यातली कांडी काढून दुसरी घातली की झाले.

म्हणजे ‘माग बदलणे’ ही एक गोष्ट नाही. त्यात अर्ध्या मिनिटाचे काम आहे, अर्ध्या दिवसाचे आहे आणि तीन दिवसांचेही आहे, आणि यांतले कोणते वाट्याला येईल हे मागावर आधी काय होते यावर ठरते. सल्ला देणारे इथेच चुकतात. ते मोजतात नमुने किती आहेत. मोजायला हवे ते नमुने एकापाठोपाठ कसे आले.

एक साधा हिशेब मांडतो. एका घराकडे चार कामे आली. लाल काठाची करवत काठी साडी, मग वेगळ्या फणीचा दुपट्टा, मग पुन्हा लाल काठाची साडी, मग त्याच फणीवर हिरव्या काठाची. व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्या ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने ती लावली तर साडीवरून दुपट्ट्यावर जाताना तीन दिवस, परत साडीवर येताना तीन दिवस, आणि लालवरून हिरव्यावर जाताना फक्त काठाचे धागे सांधायचे म्हणून अर्धा दिवस. साडेसहा दिवस गेले. आता दोन्ही लाल एकाच ताण्यावर, मग हिरवी, शेवटी दुपट्टा असे लावा. अर्धा दिवस अधिक तीन दिवस, साडेतीन झाले. एकही नमुना कमी केला नाही, एकही गिऱ्हाईक परत पाठवले नाही, आणि तीन दिवस हाती राहिले. चार कामांचे क्रम २४ होतात, आठ कामांचे ४०,३२०. म्हणून कोणाला वाटेल की याला मोठा संगणक लागतो. नाही लागत. फणीप्रमाणे गट, गटात काठाप्रमाणे, काठात बाण्याच्या रंगाप्रमाणे, एवढे केले तरी बराचसा फायदा पदरात पडतो, आणि ते भिंतीवरच्या पाटीवरही होते.

कारखाने हेच करतात. प्लास्टिकच्या मशीनवर आम्ही पांढऱ्यानंतर पिवळा, पिवळ्यानंतर लाल आणि शेवटी काळा लावायचो. काळ्यानंतर पांढरा लावला तर नळीत अडकलेला काळा निघून जाईपर्यंत माल टाकूनच द्यावा लागतो. म्हणून ‘फक्त काळाच काढा’ असे कोणी मालक म्हणाल्याचे मला आठवत नाही. जुना रंगारीही फिकट रंगाकडून गडद रंगाकडेच जातो. आमच्याच तालुक्यात वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. कुठल्याही रोलिंग मिलमध्ये जा, मापे जवळजवळची ओळीने लावलेली असतात, कारण रोल बदलणे हे मोठे काम असते. मोहाडी-तुमसर पट्ट्यातला राइस मिलवाला जाड धान संपवून बारीक धान घेताना चाळण्या बदलतो, रबर रोलमधले अंतर बदलतो, एलिव्हेटरच्या तळाशी राहिलेले धान काढतो. जाड, बारीक, पुन्हा जाड असे तो कधी घेणार नाही. एकच वाण दळा, असेही त्याला कोणी सांगत नाही. हा उपदेश विणकरालाच का?

‘लॉट मोठा करा’ या म्हणण्याला शास्त्राचा आधार असल्याचे सांगितले जाते, म्हणून त्याकडेही पाहू. १९१३ साली फोर्ड व्हिटमन हॅरिस नावाच्या अमेरिकन अभियंत्याने एका वेळी किती नग काढावेत याचे सूत्र मांडले. मशीन जोडण्याचा खर्च एका बाजूला, माल पडून राहण्याचा खर्च दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींचा मेळ बसेल तेवढा लॉट. सूत्र बरोबर आहे, आजही शिकवतात. पण त्यात जोडणीचा खर्च दिलेला म्हणून धरलेला असतो, आणि काढलेला सगळा माल ठरावीक वेगाने खपतच राहील असेही धरलेले असते. करवत काठीची साडी अशी खपते का? लग्नसराईत मागणी येते, पावसाळ्यात थांबते. एका रंगाच्या पन्नास साड्या पेटीत पडल्या की त्यांत कोशाचे महागडे सूत अडकते, आणि ज्याने ते उधारीवर घेतले त्याच्या डोक्यावर व्याज चढत जाते. सूत्रातली दुसरी बाजू पुसून टाकायची आणि पहिलीच वाचून दाखवायची, हा हॅरिसवरही अन्याय आहे.

शिवाय त्या सूत्रातच आणखी एक गोष्ट दडलेली आहे. जोडणीचा खर्च चौथाईवर आला की योग्य लॉट निम्म्यावर येतो. म्हणजे मोठे लॉट काढण्यापेक्षा जोडणीच स्वस्त करणे ही दुसरी वाट मोकळी आहे. जपानने ती धरली. १९६९ मध्ये टोयोटाच्या हजार टनी प्रेसवर साचा बदलायला चार तास लागत. शिगेओ शिंगो आणि तिथल्या माणसांनी सहा महिन्यांत तो वेळ दीड तासावर आणला आणि पुढच्या तीन महिन्यांत तीन मिनिटांवर. त्यातली मुख्य युक्ती मायला समजावून सांगता आली असती इतकी सरळ आहे. मशीन थांबवून करायची कामे आणि मशीन चालू असताना करता येणारी कामे वेगळी काढा, आणि दुसऱ्या प्रकारची सगळी आधी उरकून ठेवा.

मागावर याचा अर्थ काय? वही आणि फणीचा जोड कापड उतरवताना शेपटीसकट उतरवून खुंटीला टांगून ठेवायचा. त्या फणीचे काम पुन्हा आले की ओवणी नव्याने करावी लागत नाही. मागावर पहिले काम चालू असतानाच बाजूला बसून दुसऱ्याची सांधणी उरकता येते. जुने विणकर असे जोड ठेवतच असत. आमच्या घरी आढ्याला दोन टांगलेले असायचे, धाग्यांची शेपटी फडक्यात गुंडाळून, उंदरांपासून जपून. आज ते का दिसत नाहीत? कारण वही-फणीच्या दुसऱ्या जोडाला पैसे लागतात, आणि तो जोड विणकराने स्वतः घ्यायचा असे सगळ्यांनी गृहीत धरले आहे. सरकारी अनुदानाला जागा शोधायची असेल तर ती इथे आहे.

एकच नमुना घाऊक काढण्याचा प्रयोग आपल्या देशात झालेलाही आहे. १९७६ मध्ये जनता कापड योजना आली. गरिबाला स्वस्त धोतर-साडी मिळावी आणि विणकराच्या हाताला काम मिळावे, असा दुहेरी हेतू. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. त्या दिवसांत अनेक घरांत चूल पेटली ती त्या कापडामुळे. जाडे सूत, ठरलेली मापे, ठरलेला काठ, वर्षानुवर्षे तेच. आजच्या सल्ल्यात जे जे आहे ते सगळे त्यात होते. १९९० च्या दशकात योजना गुंडाळली गेली, आणि ज्या हातांनी इतकी वर्षे जाड्या सुताचे साधे कापड काढले होते त्यांना पुन्हा बारीक कामाकडे वळणे जड गेले. तीन धोट्यांचे काम हे रोज केले तरच हातात राहते. दोन काठांचे दोन धोटे, अंगाचा एक, आणि अंगाचा धागा काठाच्या धाग्यात अडकवून परत फिरवायचा, त्यातून करवतीचे दाते पडतात. हे पाहून येत नाही, लहानपणी शेजारी बसून येते. एक पिढी बसली नाही की पुढची पिढी कोणाशेजारी बसणार?

आणि समजा विणकराने ऐकले, एकच काठ एकाच रंगात वर्षभर काढला. मग काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. सुरत, भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव इथल्या पॉवरलूमला हेच हवे आहे. तिथे बीम चढवायला वेळ लागतो, पण एकदा चढला की शेकडो मीटर कापड त्याच जोडणीवर निघते. ज्या नमुन्याला हजारो नगांची मागणी आहे तो नमुना पॉवरलूमचा आहे, आज नाही तर उद्या तो तिथेच जाणार. हातमागाची ताकद नेमकी याच्या उलट आहे. चार साड्यांचा ताणा लावून चारही वेगळ्या काढता येतात: एकीचा बाणा मोरपिशी, एकीचा कोशाचा मूळ रंग, एकीचा पदर वेगळा. इतक्या लहान कामाला पॉवरलूमला बीम चढवणे परवडतच नाही. करवत काठीला भौगोलिक मानांकन मिळाले ते त्या तीन धोट्यांच्या कामामुळे आणि त्या वेगळेपणामुळे. विणकराला नमुने कमी करायला सांगणे म्हणजे त्याच्या हातातली एकमेव ढाल काढून घेऊन त्याला समोरच्याच्या मैदानावर उभे करणे.

आता मूळ दुखण्याकडे येतो. क्रम नीट लावल्याने तीन दिवस वाचत असतील, तर तो लावला का जात नाही? विणकराला कळत नाही म्हणून? मोहाडीतल्या कोणत्याही जाणत्या विणकराला विचारा, तो माझ्यापेक्षा चांगला क्रम सांगेल. पण क्रम तो ठरवत नाही. सूत देणारा ठरवतो, ऑर्डर देणारा ठरवतो. आणि ठरवणाऱ्याला माग बदलण्याचा एक पैसाही खर्च येत नाही. मजुरी साडीवर ठरलेली आहे. साडी झाली की मजुरी. सांधणीचा दिवस, ओवणीचे तीन दिवस, कांड्या भरण्याच्या संध्याकाळी, यांतले काहीही चिठ्ठीवर लिहिलेले नसते. एकदा आमच्या शेजारचे काकाजी ओट्यावर बसून म्हणाले होते, “या महिन्यात तीनदा फणी बदलली जी, मजुरी मात्र दोन साड्यांचीच.” त्या महिन्यात त्यांच्या घरी कोणी आळस केला नव्हता. उलट जास्तच राबले होते. पण ते राबणे कोणाच्याच वहीत नव्हते.

२०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात सुमारे ३५ लाख विणकर आणि सहायक कामगार मोजले गेले. त्यांतले साडेआठ लाखांच्या आसपास सहायक, म्हणजे ताणा करणारे, कांड्या भरणारे, सांधणारे. मोजले तरी गेले, हे चांगले झाले. पण गणनेत आलेला माणूस मजुरीच्या दरात आलेला नाही. आणि हातमागावरची बहुसंख्य माणसे बायका आहेत. मायने आयुष्यात किती हजार धागे सांधले ते मी मोजू शकतो, त्याचे तिला किती मिळाले हेही सांगू शकतो. काही नाही. ते ‘घरचे काम’ होते.

खर्च दिसला की वागणे कसे बदलते, हे मी कारखान्यात पाहिले आहे. नाव घेण्याचे कारण नाही. विक्री विभागाकडून रोज ‘अर्जंट’ यायचे. चालू काम उतरवा, हे लावा. साचा बदलण्याचे तास उत्पादन विभागाच्या खात्यात पडायचे आणि महिनाअखेर उत्पादनवाल्यांनाच जाब विचारला जायचा. वर्षभर भांडून आम्ही एक बदल करून घेतला: मधेच काम घुसवले तर साचा बदलण्याचा खर्च ज्याने घुसवले त्याच्या खात्यात. विक्रीच्या त्याच साहेबांना दोन महिन्यांत कळू लागले की बहुतेक अर्जंट कामे गुरुवारपर्यंत थांबू शकतात. आम्ही नवे मशीन घेतले नाही, एकही नमुना बंद केला नाही. खर्च फक्त योग्य माणसाच्या नावावर गेला.

व्यापारी म्हणतील की गिऱ्हाईक थांबत नाही, लग्नाची तारीख पुढे जात नाही. बरोबर आहे. पण लग्नाची तारीख काही आदल्या दिवशी ठरत नाही, आणि करवत काठी साडी काही एका दिवसात निघत नाही. ज्या साडीची खरोखर घाई आहे ती जरूर पुढे घ्या, फक्त तिच्यापायी जो माग बदलावा लागेल त्याची मजुरी द्या. गिऱ्हाईकाला घाई असेल तर ते तेवढे देईलही. आज ती घाई मायच्या बोटांवर फुकट काढली जाते.

आणखी एक आक्षेप जास्त वजनदार आहे. एका घरी एकच माग, त्याला क्रम लावून लावून किती लावणार? म्हणूनच मी म्हणतो की मोहाडी आणि आंधळगाव इथले माग वेगवेगळी घरे म्हणून न पाहता एका कामाचे माग म्हणून पाहिले पाहिजेत. एका घरी लाल काठाचा ताणा चढलेला आहे, शेजारच्या घरी हिरव्याचा. लालची चिठ्ठी हिरव्याच्या घरी आणि हिरव्याची लालच्या घरी जाते, कारण दोघांचे व्यापारी वेगळे. दोन्ही घरी सांधणी होते, आणि दोन्ही टाळता आल्या असत्या. कोणत्या घरी सध्या कोणती फणी, कोणता काठ चढलेला आहे याची एक यादी आठवड्याला एकदा लिहून सोसायटीच्या भिंतीवर लागली आणि नवी कामे ती पाहून वाटली गेली, तर हे थांबते. कोणाचा व्यापारी कोणाला कळू नये, ही भीती मला ठाऊक आहे. यादीत व्यापाऱ्याचे नाव नको, फणी आणि काठ पुरे. एकाच घराला कायम तोच काठ मिळून हात आखडू नये म्हणून ताणा संपेल तेव्हा घरे फिरवताही येतील, कारण तेव्हा सांधणी तशीही करायचीच असते.

माझी मागणी लहान आहे. कामाच्या चिठ्ठीवर आज तीन गोष्टी असतात: नमुना, नग, मजुरी. त्यात चौथा रकाना हवा. हे काम लावताना मागावर काय होते, आणि त्यासाठी फक्त कांडी बदलली, सांधणी केली की ओवणी. सांधणीला एका माणसाची एक दिवसाची मजुरी, ओवणीला दोन माणसांची जितके दिवस लागले तितक्या दिवसांची, साडीच्या मजुरीपेक्षा वेगळी, आणि जिने ती केली तिच्या हातात. दिवाळीनंतर लग्नसराईच्या चिठ्ठ्या निघतात. यंदाच्या चिठ्ठ्या अजून छापायच्या आहेत.